मत्स्यालयातील जेलीफिशचे छायाचित्रण : आधी काच, मग प्रकाश, सर्वांत शेवटी जेलीफिश

मे महिन्याच्या सुट्टीत सिंगापूर, दुबई किंवा बँकॉकला जाऊन आलेली ओळखीची मंडळी पणजीत किंवा फोंड्याला भेटली, की खिशातून फोन काढून मत्स्यालयातली छायाचित्रे दाखवू लागतात. शार्क बरा आलेला असतो, पेंग्विनही ठीक असतो. जेलीफिशपाशी आले की मात्र त्यांचे बोट पडद्यावरून भराभर सरकू लागते. निळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरट ढग, त्याच्या मधोमध फ्लॅशचा गोळा आणि कोपऱ्यात छायाचित्रकाराचा स्वतःचाच चेहरा, असे ते चित्र असते. महागडा कॅमेरा नेलेल्यांचीही गत फारशी वेगळी नसते.

चूक बहुधा यंत्राची नसून क्रमाची असते. टाकीसमोर पोहोचताच आपण जेलीफिशच्या मागे कॅमेरा फिरवू लागतो आणि काच, प्रकाश, फोकस या गोष्टींचा विचार छायाचित्र बिघडल्यावर करतो. हा क्रम उलटा करावा लागतो. खालील टप्पे सुट्या लेन्सचा कॅमेरा आणि फोन या दोन्हींसाठी आहेत. जिथे फोनची पद्धत वेगळी आहे, तिथे तसे सांगितले आहे.

टप्पा १ : घरच्या बरणीत सराव

जेलीफिशच्या शरीरात सुमारे ९५ टक्के पाणीच असते. त्यामुळे त्याच्यावर समोरून प्रकाश टाकला तर तो बहुतांशी आरपार निघून जातो आणि प्राणी सपाट, धुरकट दिसतो. प्रकाश बाजूने, खालून किंवा मागून आला तरच छत्रीची (म्हणजे जेलीफिशच्या घुमटासारख्या वरच्या भागाची) कड आणि खाली लोंबणाऱ्या स्पर्शिकांचे धागे उजळतात. हे वाचून पटते, पण हाताला मात्र करून पाहिल्यावरच समजते. म्हणून प्रवासाच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी पुढील प्रयोग करावा.

लोणच्याची मोठी, स्वच्छ काचेची बरणी घ्यावी. इस्त्रीहून आलेल्या कपड्यांवर जे अगदी पातळ पारदर्शक प्लास्टिक असते, त्याचा वीतभर चौकोन कापावा. चौकोनाचा मध्य चिमटीत धरून लिंबाएवढा फुगा करावा आणि त्याखाली दोरा सैल बांधावा. उरलेल्या भागाच्या कात्रीने बारीक पट्ट्या कराव्यात. या झाल्या स्पर्शिका. फुग्यात थोडे पाणी भरून हवेचा लहानसा बुडबुडा ठेवावा आणि हा जेलीफिश पाण्याने काठोकाठ भरलेल्या बरणीत सोडून झाकण घट्ट लावावे. बुडबुडा योग्य आकाराचा असेल तर तो ना तळाला बसतो ना वर चिकटतो, आणि बरणी उलटी केली की संथपणे वर चढतो. पहिल्या खेपेला तो हमखास तळाशी जातो. तेव्हा दोरा सोडून थोडी हवा वाढवावी.

आता बरणीच्या मागे काळे कापड लावावे. पावसाळा असेल तर दाराशी निथळत ठेवलेली काळी छत्री उघडून मागे धरली तरी चालते. खोलीतले दिवे मालवून विजेरी आधी समोरून आणि मग बाजूने धरावी. समोरून धरल्यास काचेवर पांढरा ठिपका उमटतो आणि प्लास्टिक जवळपास अदृश्य होते. बाजूने धरल्यास तेच प्लास्टिक काळोखात पेटल्यासारखे दिसते. मत्स्यालयातील टाकीत दिवे बहुधा असेच बाजूने किंवा वरून लावलेले असतात, म्हणजे अर्धे काम त्यांनी आधीच करून ठेवलेले असते. आपण फ्लॅश मारून ते पुसून टाकतो, इतकेच.

याच बरणीसमोर बसून आपल्या कॅमेऱ्याची पुढील बटणे अंधारात, न पाहता सापडेपर्यंत घोटावीत : फ्लॅश बंद करणे, एक्स्पोझर (चित्रात येणारा एकूण उजेड) कमी-जास्त करणे, फोकसचा बिंदू हलवणे आणि सलग छायाचित्रे काढणे. फोन असेल तर बोट दाबून फोकस कुलूपबंद करणे आणि शेजारची सूर्याची खूण खाली ओढून उजेड कमी करणे एवढे तरी आलेच पाहिजे.

तपासणी : बरणीतला जेलीफिश हलत असताना दहापैकी तीन-चार छायाचित्रांत त्याच्या छत्रीची कड स्वच्छ येऊ लागली, की सराव पुरेसा झाला असे समजावे. घरी एकही जमत नसेल तर मत्स्यालयातील गर्दीत जमण्याची आशा धरू नये.

टप्पा २ : बॅग आणि कपडे

कपड्यांपासून सुरुवात करतो, कारण या बाबतीत मी स्वतः फसलेलो आहे. पहिल्यांदा जेलीफिशच्या दालनात गेलो तेव्हा अंगात पांढराशुभ्र सदरा होता. दीड तासात तीनशेच्या वर छायाचित्रे काढली आणि रात्री हॉटेलवर ती मोठी करून पाहिली, तर जवळजवळ प्रत्येक जेलीफिशच्या पोटात माझ्या सदऱ्याची बटणपट्टी होती. अंधाऱ्या दालनात उजळ कापड टाकीच्या काचेवर आरशासारखे उमटते. काळा किंवा गडद निळा, लांब बाह्यांचा, चमक नसलेला शर्ट घालावा. मनगटातले चकाकणारे घड्याळ आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरची पांढरी अक्षरेही झाकावीत.

लेन्सच्या बाबतीत मोह आवरावा. लांब पल्ल्याची झूम लेन्स येथे फारशी कामाची नसते, कारण प्रकाश आत घेणारे तिचे छिद्र लहान असते आणि जवळचा फोकस होत नाही. ५० मिलिमीटरची एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) ही स्वस्त लेन्स बहुतेक टाक्यांना पुरते. लहान जेलीफिश टिपायचे असतील तर ६० ते १०० मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स आणि टाकी भिंतभर मोठी असेल तर ३५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स घ्यावी. याशिवाय लेन्सच्या तोंडावर बसणारा रबरी हूड, दोन मायक्रोफायबर रुमाल, जादा बॅटरी, जादा कार्ड आणि हातभर काळे कापड एवढे सामान पुरते.

ट्रायपॉड घरी ठेवावा. बहुतेक मत्स्यालये गर्दीच्या दालनात तो लावू देत नाहीत, आणि जेलीफिश स्वतःच हलत असल्याने कॅमेरा स्थिर ठेवून निम्माच प्रश्न सुटतो. चकाकी कापण्यासाठी लावतात तो पोलरायझर फिल्टरही नेऊ नये. काचेसमोर सरळ उभे राहिल्यावर तो प्रतिबिंब कापत नाही, उलट दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) प्रकाश गिळतो. शिवाय टाकीच्या अ‍ॅक्रिलिकमधील (काचेऐवजी वापरलेल्या पारदर्शक प्लास्टिकमधील) ताणांमुळे त्यातून इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसू लागतात.

सावधान : गोव्यातल्यासारखीच दमट हवा सिंगापूर-बँकॉकलाही असते. हॉटेलच्या वातानुकूलित खोलीत रात्रभर थंड झालेला कॅमेरा सकाळी बाहेर काढला की लेन्सवर लगेच वाफ धरते. निघण्यापूर्वी कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून बॅग बाहेरच्या हवेत वीस-तीस मिनिटे राहू द्यावी आणि त्यानंतरच उघडावी. वाफ धरलेली लेन्स रुमालाने पुसत बसण्यात अर्थ नाही. ती पुन्हा धरते.

टप्पा ३ : वेळ आणि टाकी निवडणे

आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दार उघडताच आत शिरावे आणि इतर दालने मागे टाकून थेट जेलीफिशकडे जावे. बाकीचे लोक प्रवेशाजवळच्या टाक्यांपाशी थबकतात, त्यामुळे पहिला अर्धा-पाऊण तास हे दालन बऱ्यापैकी रिकामे मिळते. काचेवर बोटांचे ठसेही तोवर उमटलेले नसतात.

पहिली दहा मिनिटे कॅमेरा बॅगेतच ठेवून सगळ्या टाक्यांसमोरून एक फेरी मारावी. प्रत्येक टाकीपाशी तीन गोष्टी पाहाव्यात : दिवा कुठून येतो, पार्श्वभूमी काळी आहे की निळी, आणि पाण्यात कण किती तरंगत आहेत. जेलीफिशना आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाची पिल्ले खाऊ घातली जातात. खाणे टाकल्यानंतर काही काळ पाणी ठिपक्यांनी भरलेले असते आणि हे ठिपके छायाचित्रात बर्फ पडल्यासारखे दिसतात. म्हणून खाण्याची वेळ कर्मचाऱ्यांना आधीच विचारावी आणि त्यापूर्वी काम उरकावे. एक अपवाद आहे. चंद्र-जेलीफिशने खाल्ल्यानंतर त्याच्या पारदर्शक पोटात ते नारिंगी खाद्य स्पष्ट दिसते. ते टिपायचे असेल तर पाणी निवळेपर्यंत थांबून पुन्हा त्याच टाकीकडे यावे.

कोणता जेलीफिश कुणासाठी, हेही ठरवून घ्यावे. चंद्र-जेलीफिश नवख्यांसाठी उत्तम : संथ, गोल, आणि छत्रीच्या मध्यभागी नालाच्या आकाराच्या चार खुणा असल्यामुळे फोकसला धरायला जागा देणारा. सी-नेटल जातीचा, तांबूस-सोनेरी छत्रीचा आणि खाली लांबच लांब झालरी असलेला जेलीफिश दिसायला सर्वांत देखणा, पण त्याच्या झालरी एकमेकांत गुंतलेल्या असतात आणि एकटा सापडणे कठीण जाते. कॅसिओपिया हा तळाशी उताणा पडून राहणारा प्रकार. त्याची छत्री खाली आणि मुखबाहू (तोंडाभोवतीचे हात) वर असतात, कारण त्याच्या ऊतींमध्ये राहणाऱ्या शैवालांना प्रकाश हवा असतो. त्याचे छायाचित्र वरून घ्यावे. ‘उलटा आला’ म्हणून ते संगणकावर फिरवून सरळ करणारे गृहस्थ मी पाहिले आहेत.

काही दालनांत कंगवा-जेली असतात. त्या खऱ्या अर्थाने जेलीफिश नव्हेत. त्यांच्या अंगावरून धावणाऱ्या सप्तरंगी रेषा हा त्यांचा स्वतःचा उजेड नसून हलणाऱ्या केसांच्या रांगांवर बाहेरचा प्रकाश विखुरल्याने दिसणारे रंग आहेत. म्हणून रंग दिसत नसतील तर एक्स्पोझर वाढवण्याऐवजी स्वतः हातभर डावीकडे-उजवीकडे सरकावे. एका विशिष्ट कोनात ते एकदम उमटतात.

फेरी संपल्यावर दोनच टाक्या निवडाव्यात. दहा टाक्यांसमोर पाच-पाच मिनिटे घालवणाऱ्याला एकही चांगले छायाचित्र मिळत नाही.

टप्पा ४ : काच जिंकणे

आपण ज्याला काच म्हणतो ते मोठ्या टाक्यांत बहुधा जाड अ‍ॅक्रिलिक असते. त्यातून तिरके पाहिले की प्रतिमा ताणली जाते, कडांना रंगीत किनार येते आणि सगळेच किंचित विरघळल्यासारखे होते. यावर उपाय एकच : लेन्सचा अक्ष काचेला काटकोनात ठेवणे. जेलीफिश वर गेला तर कॅमेरा वर वळवू नये. स्वतः उठून उभे राहावे. तो खाली गेला तर गुडघ्यावर बसावे. टाकीचा पृष्ठभाग वक्र असेल तर हा नियम आणखी कडकपणे पाळावा लागतो.

काटकोन साधल्यावर रबरी हूड हलकेच काचेला टेकवावा. मागच्या दालनातला दिवा, बाहेर पडण्याच्या दाराची हिरवी पाटी, शेजाऱ्याच्या फोनचा पडदा अशी सगळी प्रतिबिंबे त्या क्षणी नाहीशी होतात. फोन असेल तर त्याची लेन्स काचेच्या अगदी जवळ आणून भोवती काळे कापड किंवा तळहाताचा आडोसा करावा.

सावधान : अ‍ॅक्रिलिकवर चरे फार लवकर पडतात. फिल्टरची धातूची कडी, अंगठी किंवा फोनचे कठीण आवरण काचेला घासू देऊ नये. काचेवर टकटक करणे तर पूर्ण वर्ज्य.

आपल्यासमोरच्या हातभर जागेवर बोटांचे ठसे असतील तर मायक्रोफायबर रुमालाने अलगद पुसावेत; पदराने किंवा टी-शर्टच्या टोकाने नव्हे, कारण त्यात वाळूचा एखादा कण असला तरी ओरखडा उठतो. समुद्रकिनाऱ्यावरून सरळ मत्स्यालयात गेलेल्या गोवेकराला हे वेगळे सांगायला नको.

टप्पा ५ : प्रकाश वाचणे आणि कॅमेरा लावणे

सर्वाधिक छायाचित्रे याच टप्प्यावर बिघडतात. म्हणून येथे घाई करू नये. पंधरा मिनिटे गेली तरी चालतील.

टाकीतला उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो, प्रत्यक्षात तो फार कमी असतो. सुरुवातीला कॅमेरा मॅन्युअलवर (सर्व आकडे आपणच ठरवण्याच्या पद्धतीवर) ठेवून छिद्र एफ २.८, शटर उघडे राहण्याचा वेळ सेकंदाचा १/१२५ आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० असे लावावे आणि एक चाचणी छायाचित्र घ्यावे. अंधुक आले तर आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत न घाबरता वाढवावा. शटर मात्र १/६० च्या खाली नेऊ नये. आयएसओ वाढल्याने येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हलल्यामुळे पुसट झालेली कड मात्र कशानेही परत येत नाही. जेलीफिश संथ वाटला तरी जवळून पाहताना त्याची छत्री आकसण्याचा वेग लक्षणीय असतो. लहान आणि चपळ जातींना १/२५० लागते.

मॅन्युअलचा आग्रह का, तर टाकीतल्या दिव्याचा जोर सहसा स्थिर असतो आणि बदलत असतो तो फक्त चौकटीतल्या काळ्या जागेचा आकार. कॅमेरा आपणहून मोजमाप करू लागला की काळी पार्श्वभूमी पाहून ‘येथे फार अंधार आहे’ असे समजतो आणि उजेड वाढवतो. मग पार्श्वभूमी राखाडी होते आणि छत्री जळून पांढरी पडते. मॅन्युअल जमत नसेल तर काळ्या पार्श्वभूमीसाठी एक्स्पोझर उणे १ ते उणे दीडवर ठेवावे. निळ्या, मागून उजळलेल्या पार्श्वभूमीची अडचण वेगळी असते. तेथे एकूण उजेड बरोबर दिसतो, पण निळा रंग एकटाच भरून वाहतो आणि मागची बाजू रंगाच्या सपाट पत्र्यासारखी दिसू लागते. म्हणून हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाच्या वाटणीचा आलेख) पाहताना लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही वेगवेगळे आलेख पाहावेत; निळा आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर उजेड आणखी कमी करावा.

व्हाइट बॅलन्स (कॅमेरा पांढरा रंग कशाला मानतो ते ठरवणारी सोय) ‘ऑटो’वर ठेवू नये. बऱ्याच दालनांत एलईडी दिवे दर काही सेकंदांनी रंग बदलतात, आणि ऑटो प्रत्येक रंगाला पांढरे करायला धावतो. परिणामी एकाच जेलीफिशची वीस छायाचित्रे वीस छटांत येतात. उन्हाची किंवा ५००० केल्विनच्या आसपासची एक स्थिती कायम ठेवावी आणि शक्य असेल तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइलमध्ये काढावे. तरीही एक मर्यादा ध्यानात घ्यावी : दिवा निव्वळ जांभळा किंवा निव्वळ लाल असताना काढलेल्या छायाचित्रात दुसरे रंग नसतातच, त्यामुळे नंतर कितीही खटपट केली तरी प्राण्याचा मूळ रंग परत येत नाही. दिव्यांचे एक पूर्ण चक्र हात बांधून पाहावे, पांढरा किंवा फिकट निळा प्रकाश कधी येतो ते मनात मोजावे आणि तेवढ्याच वेळात शटर दाबावे. जांभळ्या उजेडातली चित्रे आकर्षक वाटतात हे खरे. माझ्या मते ती दिव्याची छायाचित्रे असतात, जेलीफिशची नव्हेत.

छायाचित्रात आडवे फिकट-गडद पट्टे दिसले तर कॅमेरा बिघडलेला नसतो. एलईडी दिवे डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने उघडझाप करतात आणि आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर ती उघडझाप पट्ट्यांच्या रूपात पकडते. अशा वेळी मेकॅनिकल (प्रत्यक्ष पडदा हलवणारे) शटर वापरावे. तेही पुरले नाही तर भारत, सिंगापूर, दुबईसारख्या ५० हर्ट्झच्या विजेच्या ठिकाणी शटर १/१०० वर आणून पाहावे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तेथे १/६० किंवा १/१२० अधिक उपयोगी पडते. काही दिव्यांचा विजेच्या या गतीशी संबंध नसतो, तेव्हा एकेक वेग बदलून पट्टे जातात का हे पाहणे हाच मार्ग उरतो.

तपासणी : चाचणी छायाचित्र पडद्यावर मोठे करून पाहावे. पार्श्वभूमी जवळजवळ काळी, छत्रीच्या सर्वांत उजळ भागातही रेषा शिल्लक, आणि पट्टे नाहीत : या तिन्ही गोष्टी साधल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये. एकदा साधल्या की आकड्यांना पुन्हा हात लावू नये.

फोन वापरणाऱ्यांनी येथे तीन गोष्टी कराव्यात. फ्लॅश कायमचा बंद करावा. काळी टाकी पाहून आपोआप सुरू होणारा नाइट मोडही बंद करावा, कारण तो अनेक चित्रे एकावर एक रचतो आणि तेवढ्या वेळात जेलीफिश सरकलेला असतो. तिसरे म्हणजे मुख्य लेन्सच वापरावी. काचेच्या जवळ जाताच काही फोन आपणहून मॅक्रोसाठी रुंद लेन्सकडे उडी मारतात आणि चित्र एकदम दाणेदार होते. ही उडी सेटिंगमधून थांबवता येते.

टप्पा ६ : फोकसची जागा ठरवणे

स्वयंचलित फोकसला कड लागते, आणि पारदर्शक प्राण्याला कड कमीच असते. म्हणून लेन्स पुढे-मागे घुटमळते आणि शेवटी काचेवरच्या एखाद्या ओरखड्यावर किंवा मागच्या भिंतीवर जाऊन बसते. सर्व बिंदू चालू न ठेवता एकच बिंदू निवडावा आणि तो छत्रीच्या उजळलेल्या कडेवर ठेवावा. चंद्र-जेलीफिश असेल तर त्या चार नालांवर ठेवावा. स्पर्शिकांवर फोकस धरण्याचा प्रयत्न करू नये. त्या फार बारीक असतात, आणि त्या स्वच्छ पण छत्री पुसट असे चित्र डोळ्याला खटकते.

एवढे करूनही फोकस घुटमळत असेल तर तो सरळ हाताने लावावा. काचेपासून साधारण वीतभर आत असलेल्या एका जेलीफिशवर तो बसवून तसाच ठेवावा. जेवढा प्राणी काचेच्या जवळ, तेवढे मधले पाणी आणि कण कमी, आणि तेवढे चित्र स्वच्छ. म्हणून मागच्या बाजूला पोहणाऱ्या जेलीफिशकडे, तो कितीही सुंदर असला, तरी दुर्लक्ष करावे.

टप्पा ७ : वाट पाहणे

जेलीफिशच्या टाकीला बहुधा कोपरे नसतात. कोपरा असला की हे प्राणी त्यात अडकून जखमी होतात, म्हणून टाकी आतून गोल ठेवून पाणी मंद गतीने गोल फिरत ठेवतात. अशा टाकीला क्रायझल म्हणतात. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ भोवरा. छायाचित्रकाराच्या दृष्टीने याहून उपयोगाची दुसरी माहिती नाही, पण मला ती पुस्तकातून कळण्याआधी माझ्या भाचीने सांगितली. मी कॅमेरा घेऊन एका जेलीफिशमागे टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होतो आणि ती काचेला नाक लावून शांत बसली होती. ‘मामा, तुम्ही कशाला धावता? तो परत इथेच येतो. मी तीनदा बघितलं,’ ती म्हणाली. मी थांबून पाहिले. तो चौथ्यांदाही तिथेच आला.

तेव्हा पाण्याचा प्रवाह कोणत्या दिशेने फिरतो ते पाहावे, ज्या ठिकाणी जेलीफिश काचेजवळ येतात आणि पार्श्वभूमी स्वच्छ असते ती जागा निवडावी, आणि टप्पा ६ मध्ये लावलेला फोकस तिथेच रोखून थांबावे. जेलीफिश त्या जागेत शिरू लागला की सलग दहा-बारा छायाचित्रांची माळ सोडावी. अंतर किंचित चुकत असेल तर फोकसचे कडे फिरवण्यापेक्षा स्वतःच बोटभर पुढे-मागे झुकावे.

माळ केव्हा सोडायची, यालाही एक ताल आहे. छत्री आकसते, पाणी मागे फेकले जाते, प्राणी पुढे सरकतो, आणि मग छत्री सैल पसरते. पूर्ण आकसलेल्या आणि पूर्ण पसरलेल्या अशा दोन्ही टोकांना तिची हालचाल क्षणभर थांबल्यासारखी होते. पसरलेल्या क्षणी आकार गोल आणि भरीव दिसतो. आकसलेल्या क्षणी स्पर्शिका मागे सरळ ओढल्या जातात आणि गती जाणवते. आरतीला टाळ धरणाऱ्यांना हा ताल पकडायला वेळ लागत नाही : दोन-तीन ठोके नुसते पाहावेत आणि पुढच्या ठोक्याच्या किंचित आधी बोट दाबावे.

चौकट लावताना जेलीफिश जिकडे चालला आहे तिकडे मोकळी जागा ठेवावी, म्हणजे छत्रीच्या पुढे. स्पर्शिकांची टोके कापू नयेत; सी-नेटलच्या बाबतीत हे अशक्य झाले तर अर्धवट कापण्यापेक्षा सरळ छत्री आणि झालरीचा वरचा भाग एवढाच घ्यावा. दोन जेलीफिश एकमेकांवर आले तर थांबावे. तिघे एकत्र आले तर बहुधा नुसता गोंधळ होतो.

सोबतच्या माणसाला चित्रात घ्यायचे असेल तर त्याला काचेपासून दोन पावले मागे, बाजूने उभे करावे आणि उजेड टाकीसाठीच लावलेला ठेवावा. त्याची काळी आकृती आणि मागे उजळलेले जेलीफिश असे चित्र मिळते. चेहरा दिसावा म्हणून फ्लॅश मारला की दोन्ही बाजूंनी नुकसान होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या लोकांचे चित्रही बिघडते.

तपासणी : दर वीस मिनिटांनी एक चित्र पूर्ण मोठे करून छत्रीची कड पाहावी. छोट्या पडद्यावर सगळेच स्वच्छ दिसते. त्याच वेळी लेन्सवर आणि काचेवर नवे ठसे आले आहेत का, तेही पाहावे. आपल्यानंतर तिथे नाक लावून गेलेली मुले बरीच असतात.

टप्पा ८ : घरी आल्यावर

पहिल्या फेरीत फक्त फोकस पाहावा आणि छत्रीची कड पुसट असलेली सर्व चित्रे निर्दयपणे काढून टाकावीत. तीनशेपैकी पंधरा उरली तर दिवस चांगला गेला असे मी मानतो.

उरलेल्यांवर काम करताना आधी काळा बिंदू लावावा, म्हणजे पार्श्वभूमीतला राखाडीपणा नेमका काळा होईल एवढाच. त्यापुढे गेल्यास बारीक स्पर्शिकाही काळोखात बुडतात. मग दाणे कमी करावेत, पण छत्रीवरच्या नाजूक रेषा गुळगुळीत होणार नाहीत इतपतच. पाण्यातले ठळक कण एकेक करून पुसावेत. सगळे पुसायला गेलात तर पाणी नाहीसे होऊन जेलीफिश काळ्या कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो. बारकावे ठळक करणाऱ्या क्लॅरिटी आणि टेक्श्चरच्या पट्ट्या शून्याजवळच ठेवाव्यात. या प्राण्याचे सौंदर्य त्याच्या मऊपणात आहे आणि या पट्ट्या त्याला प्लास्टिक बनवतात. प्लास्टिकचाच हवा होता तर बरणीतला पुरेसा होता.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘फोटो’ म्हणून पाठवू नये. तिथे चित्र दाबून लहान केले जाते आणि काळ्या पार्श्वभूमीवर चौकोनी डाग दिसू लागतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. आणि प्रवासातून आणलेला कॅमेरा तसाच बॅगेत टाकून ठेवू नये. लेन्स कोरड्या रुमालाने पुसून, ताज्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. येथल्या पावसात विसरलेल्या लेन्सवर बुरशीची जाळी धरते, आणि ती जाळी पुढच्या प्रत्येक जेलीफिशवर धुके बनून उतरते.